वन्सं, काच तुम्हीच फोडलीत

वन्सं, आधी निकाल सांगते, मग रडायचं बघते. भट्टीच्या दाराची काच तुम्हीच फोडलीत. पुरावा माझ्या हातात आहे, साक्षीदार म्हणून तुमचा सख्खा भाऊ हजर आहे, आणि आरोपी मात्र असा काही पसार झालाय की समन्स कुठल्या पत्त्यावर धाडायचं ते कोणालाच सुचत नाहीये.

‘वन्सं’ म्हटलेलं तुम्हाला आवडत नसे. माझ्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता तेव्हा तुम्ही सुनावलंत, "मला ताई म्हणायचं. वन्सं काय? नऊवारी नेसून नाटकात उभी आहेस का?" त्याच क्षणी मी ठरवलं की नवऱ्याच्या ह्या बहिणीला मरेपर्यंत वन्सं म्हणायचं. कोणाच्या मरेपर्यंत, ते तेव्हा ठरवलं नव्हतं. बाकी सगळं आपलं बाळकुम गाव तुम्हाला शालूताई म्हणे. शाळेतली पोरं तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे हवालदार. पी.टी.च्या बाई तुम्ही. शिट्टी गळ्यात घालूनच स्वयंपाकघरात यायचात. मी कांदा जाड चिरला की फुर्रर्र! आपल्या घरात कुकरच्या आधी तुमची शिट्टी व्हायची.

आता घरात येणारी माणसं तुमच्याबद्दल जे बोलतायत ते ऐकलंत तर उठून बसाल. समोरच्या टॉवरमधल्या देशपांडे काकू पहिल्या दिवशी पिठलं-भात घेऊन आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "किती शांत होत्या हो शालूताई." मी ओढणी तोंडात कोंबली. त्यांना वाटलं, हुंदका. शांत! ह्या घरातल्या न्हाणीघराच्या दाराची कडी तुम्ही आपटून आपटून उखडलीत. फ्रिजला पडलेला पोचा माझ्या दिशेने निघालेल्या नारळाचा आहे. मी भिरकावलेल्या चणाडाळीचे दाणे अजून ट्यूबलाइटच्या पट्टीत अडकलेत. आपण दोघी सुरू झालो की दिलीप झारी घेऊन झाडांना पाणी घालायला जायचा. भर पावसातसुद्धा जायचा. आपली जास्वंद कुजली ती आपल्या भांडणांनी.

आणि ह्या सगळ्या मारामारीचं रणांगण म्हणजे ती भट्टी.

रिटायर झाल्यावर बायका काशीला जातात, गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेतात. तुम्ही म्हणालात, "मी नानकटाई करणार." घरातल्या इलेक्ट्रिक ओव्हनमधून पहिला घाणा निघाला तेव्हा तुम्ही एक नानकटाई उचललीत, उजेडात धरलीत आणि म्हणालात, "ही बघ. तापातून उठलेल्या माणसासारखी दिसतेय." ओव्हनला लाथ बसली. दुसऱ्या दिवशी कागदावर चित्र काढून तुम्ही वागळे इस्टेटला एका फॅब्रिकेटरकडे गेलात, आणि टेम्पोतून लोखंडाचा तो राक्षस आला. कपाटाएवढा. खाली लाकडं आणि कोळसे, वर ट्रे, समोर एक जाड दार, वर धुराचं नळकांडं. तो मागच्या अंगणात बसवून झाल्यावर तुम्ही शेजारून एक भिंत बांधून घेतलीत, म्हणजे कोणी म्हटलं तरी तो बाहेर काढता येऊ नये. तुमचं पुढचं बघणं नेहमीच असं. देशपांडे काकू वरून ओरडायच्या, "शालूताई, धूर!" आणि पाच मिनिटांनी त्यांचाच व्हॉट्सॲप यायचा, दोन डबे बाजूला ठेवा म्हणून.

तेव्हा दाराला काच नव्हती. सगळं लोखंड. आत काय चाललंय ते दिसत नसे, आणि मला आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय राहवत नसे. मी दार उघडायची. एवढंसं. फटीपुरतं. लगेच तुमची मोजपट्टी माझ्या मनगटावर. "वैशे! उघडलंस की आग पळते! आग पळून जाते!" मनगटावर वळ उठायचा. मी तेल लावायची आणि पुन्हा उघडायची. एकदा तुम्ही मोजपट्टी माझ्या मनगटावर मोडलीत. मोडलेले तुकडे टाकलेत, दार बिजागऱ्यांतून उचललंत, रिक्षात घातलंत आणि गेलात. संध्याकाळी दार परत आलं तेव्हा त्याच्या मधोमध पाटीएवढं भोक होतं आणि त्यात काच होती.

"आता बघ," तुम्ही म्हणालात. "डोळे फुटेपर्यंत बघ. पण दाराला हात लावलास तर तोडून त्याच आगीत घालीन."

मला माहेरून पाटल्या आल्या, दिलीपने मंगळसूत्र केलं. पण माझ्या खोडीसाठी लोखंडाच्या दाराला भोक पाडून आणणारं माणूस मला एकच भेटलं. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही शिट्टी वाजवली असतीत.

आणि मग सुरू झाल्या आपल्या त्या बैठका. दोन स्टुलं, समोर काच, आणि काचेच्या पलीकडे ती आग, भिंतीवर डोकं आपटणारी, वरच्या ट्रेच्या बुडाला चाटणारी, दुसऱ्याच क्षणी काचेआडून अंगावर येणारी. तुम्ही कबड्डीची टीम खेळवावी तशा तिला ओरडायचात. "डावीकडे जा! अगं डावीकडे! कोपरा मोकळा सोडलाय मूर्खांनी! आता पसर. पसर! दाब धरून ठेव!" नानकटाईला वरून भेग पडायला लागली की तुम्ही माझी मांडी इतक्या जोरात दाबायचात की रात्री मला निळे डाग दिसायचे. जगात नवऱ्याने मारलेल्या बायका असतात. नानकटाई फुलल्याच्या आनंदात नणंदेने मारलेली मी एकटी असेन.

मग एके दिवशी काचेला तडा गेला. खालच्या कोपऱ्यातून निघालेला, नखाएवढा. तुम्ही म्हणालात, मी दार गुडघ्याने ढकलते म्हणून. मी म्हटलं, तुम्ही काचेच्या पट्ट्यांचे स्क्रू पान्याने आवळलेत म्हणून. तुम्ही म्हणालात, ढिली काच पडून तुझ्या पायावर फुटली असती. मी म्हटलं, माझ्या पायाची एवढी काळजी असती तर परवा त्याच पायावर पाटा सोडला नसतात. तडा रोज थोडा वाढत गेला आणि त्याच्याबरोबर भांडण. तो काचेच्या मध्यापर्यंत पोचला तेव्हा आपण ‘आंधळी’ आणि ‘हत्तीण’ ह्या शब्दांपर्यंत पोचलो होतो. त्यानंतर आपलं बोलणं बंद झालं. म्हणजे तोंडाने. एकाच ओट्यापाशी उभं राहून आपण दिलीपमार्फत बोलायचो.

"दिलीप, तिला सांग मैदा संपलाय."

"दिलीप, त्यांना सांग मला डोळे आहेत."

तुमचा शेवटचा निरोपही तसाच आला. "दिलीप, तिला सांग, काच मी बदलणार आहे. तिने हात लावायचा नाही." मग तुम्ही भट्टीपुढे स्टुलावर जाऊन बसलात, भिंतीला पाठ टेकलीत, आणि दिलीप चहा घेऊन गेला तेव्हा तुम्ही नव्हतात. आग मात्र व्यवस्थित पेटलेली होती. डावीकडचा कोपरासुद्धा.

इथे, वन्सं, तुमच्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण तुम्ही त्याला जन्मभर ‘आमचं दूध’ म्हणालात आणि ते दूध असं काही उतू गेलं की मी अजून ओटा पुसतेय.

दिलीप आपला कसा, तर पेपरची घडी पुन्हा पूर्वीच्याच रेषेवर घालणारा. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाणारा. तुम्ही गेल्यावर तो रडला नाही. जेवला नाही असंही नाही; पान वाढलं की जेवायचा. फक्त मागच्या दारात खुर्ची टाकून भट्टीकडे बघत बसायचा. एखाद्या माणसाकडे बघावं तसा. मग एका दुपारी म्हणाला, "ती जाणार."

"कोण?"

"भट्टी. भंगारात. तिने ताईला खाल्लं."

मी म्हटलं, "दिलीप, वन्संचं हृदय कमजोर होतं. डॉक्टर काय म्हणाले ते आपण दोघांनी ऐकलं."

"डॉक्टर म्हणाले, उष्णतेत बसू नका. रोज बसायची. तुला शेजारी घेऊन बसायची. रोज." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "तुम्हा दोघींना ती आग दिसत होती, आणि मला ताई दिसत होती. लाल लाल होऊन उठायची. आणि मी काय करत होतो? झाडांना पाणी."

मी त्याच्या खुर्चीजवळची झारी उचलून आत नेऊन ठेवली.

भंगारवाला आला, त्याने भट्टीभोवती फेरी मारली, तुम्ही बांधलेल्या भिंतीकडे बघितलं आणि हसला. "साब, ये पूरा नहीं निकलेगा. तोडना पडेगा. आप तोड के रखो, मैं गाडी लाता हूँ." मला वाटलं, सुटलो. तोडणार कोण? दिलीप? डासाला हाताने हुसकावणारा?

वन्सं, तो शेजारच्या साइटवरून घण घेऊन आला.

मी भांडी घासत होते. पहिला घाव पडला तेव्हा मला वाटलं, टॉवरची लिफ्ट पडली. नारळावरचे कावळे एका झपाट्यात उडाले. मी धावत मागे गेले तर तुमचं दूध बनियनवर उभं, घण डोक्यावर, आणि भट्टीच्या कपाळाला परातीएवढा खड्डा. दुसरा घाव दारावर बसला. तडा गेलेली तुमची काच एवढे दिवस कशीबशी तग धरून होती. ती खळ्‌कन खाली आली आणि फरशीभर पसरली.

पुढचं मी नीट सांगू शकत नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते आणि दात दिलीपच्या खांद्यात होते. मी त्याच्या पाठीवर होते. कशी चढले ते विचारू नका. तुम्ही शाळेत मुलींना जे शिकवत होतात ते कधीतरी खिडकीतून बघितलं असेन. तो गोल फिरत होता, मी त्याच्या मानेला लटकत होते, घण कुठेतरी तुळशीत पडला होता.

"सोड! वैशाली, सोड!"

"तू सोड! ती माझी आहे!"

"माझी बहीण गेली!"

"माझी कोण गेली मग? देशपांडे काकू?"

वरून आवाज आला, "अहो, काय झालं? पोलिसांना बोलवू का?" आम्ही दोघं एका सुरात ओरडलो, "नको!" लग्नानंतर आम्ही एकत्र म्हटलेलं ते बहुधा पहिलंच वाक्य.

आणि त्या ‘नको’नंतर दिलीपने फिरणं थांबवलं. तो काचांच्या शेजारी बसला, मी त्याच्या पाठीवरून घसरले. "मला काहीतरी फोडू दे गं," तो म्हणाला. लहान मुलाने पाणी मागावं तसं. "मला काहीतरी फोडायचंय."

"फोड," मी म्हटलं. "पण ही नाही. थांब."

तुमच्या आत्याने आमच्या लग्नात दिलेला तो गुलाबी फुलांचा टी-सेट आठवतो ना? पाहुण्यांसाठी म्हणून जपलेला, आणि कोणताही पाहुणा कधी त्याच्या लायकीचा न ठरलेला? मी तो कपाटातून काढून आणला आणि पहिला कप त्याच्या हातात ठेवला. त्याने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग तुमच्या भिंतीकडे बघितलं आणि फेकला. आहाहा, वन्सं! काय आवाज! दुसरा मी फेकला. मग बश्या. बश्या भिंगरीसारख्या जातात, तुम्हाला सांगते, कप त्यांच्यापुढे काहीच नाही. साखरदाणी फेकताना दिलीप ओरडला, "का गेलीस!" किटली माझ्या वाट्याला आली. मी ती दोन्ही हातांनी धरून आपटली. नळी आधी उडाली, मग पोट फुटलं. वरच्या सगळ्या गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी होती. सुतकात असले खेळ त्यांनी बघितले नसतील.

सगळं संपल्यावर दिलीपने झाडू आणला. झाडता झाडता म्हणाला, "भंगारवाल्याला तेराव्याला सकाळी बोलावलंय. तोपर्यंत ती पेटवून दाखव. नीट पेटली तर राहील. नाही पेटली तर तू मध्ये यायचं नाहीस."

"आणि तू?"

"मी दार धरीन," तो म्हणाला.

तर असा हा सौदा. भट्टी राहणार की तुकडे होऊन गाडीवर चढणार, हे तुम्ही मला हात लावू नको म्हणून बजावलेल्या काचेवर आलं.

आम्ही दार उचलून गोणपाटावर आडवं घातलं. काचेच्या चारी बाजूंना लोखंडी पट्ट्या, प्रत्येक पट्टीला स्क्रू, आणि मध्ये आग सोसणारी ती पांढरी दोरी, जिच्यावर काच टेकलेली असते. स्क्रू हलेनात. रॉकेल सोडलं, ठोकलं, शिव्या दिल्या, तुमचं नाव घेऊन पुन्हा शिव्या दिल्या. एक स्क्रू मुंडी तुटून आत राहिला, तो ग्राइंडरने कापून काढावा लागला. ठिणग्यांनी माझ्या गाऊनला भोकं पडली. आणि शेवटची पट्टी सुटली तेव्हा, वन्सं, मला माझा विजय सापडला.

दोरी पापड झाली होती. बोटाएवढी जाड, मऊ दोरी, आणि ती दाबून दाबून कागदासारखी चपटी केलेली. पट्टीचं लोखंड थेट काचेला भिडलेलं. ज्या कोपऱ्यातून तडा निघाला बरोबर त्याच कोपऱ्यात स्क्रूच्या मुंडीवर पान्याचे ओरखडे, आणि भट्टीमागे पडलेल्या तुमच्या पान्याच्या दांड्यावर अजून चढवलेला पाइपचा तुकडा. जोर पुरत नव्हता म्हणून तुम्ही पान्याला पाइप लावून आवळलंत! काच तापली की फुगते. तिला सगळीकडून थोडी मोकळीक लागते. फॅब्रिकेटर बसवताना म्हणाला होता, हाताने आवळा म्हणून; हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. तुम्ही म्हणाल, हातानेच आवळलं. पण तुमचा हात!

मी उठून नाचले. खरंच सांगते. सुतकातली बाई अंगणात हातात दोरीचा पापड घेऊन नाचली. "बघ दिलीप! बघ! गुडघा नाही! माझा गुडघा नाही! पाइप! वन्संचा पाइप!" मी गोल फिरले, तुमच्या खोलीच्या खिडकीकडे तोंड केलं, तोंड उघडलं, आणि जे वाक्य मी इतके दिवस घोळवत होते ते ऐकायला खिडकीत कोणी नव्हतं.

जिंकल्यावर समोर हरलेलं माणूस लागतं हो. नाहीतर नुसतंच दमायला होतं. मी तिथेच गोणपाटावर बसले. तुम्ही कधी कबूल केलं नसतंत, मला माहीत आहे. तुम्ही पाइपाकडे बघून म्हणाला असतात, "हा कोणी ठेवला इथे?" मला तेवढंच हवं होतं. ते एक खोटं वाक्य.

काच आणायचं काम दिलीपने अंगावर घेतलं. आता त्याच्या डोक्यात दोन कामं होती: दाराची काच, आणि तेराव्याला हार घालायला तुमचा मोठा फोटो. आणि दोन्ही कामं एका फेरीत उरकतात हे लक्षात आल्यावर आपल्या घरातला पुरुष थांबत नाही. कोपरीतल्या फ्रेमवाल्याकडून त्याने तुमचा फोटो मढवून आणला आणि त्याच काचेच्या तावातून दाराच्या मापाचा तुकडा कापून आणला. "जाड आहे," म्हणाला. "फ्रेमवाला म्हणाला, चालेल."

मला शंका आली होती. पण तुमच्या फोटोवर आणि तुमच्या भट्टीवर एकाच तावाची काच, ह्या कल्पनेने तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला होता. मी म्हटलं, बसव.

दहावा झाल्यावर आम्ही ती पेटवून बघितली. सुकी लाकडं, चांगला जाळ. आग उठली, काचेपाशी आली, आणि दिलीप म्हणाला, "बघ, काही होत नाही." धाड्‌! बंदूक झाडावी तशी काच बाहेर आली. दिलीपने मला मानेला धरून खाली दाबलं, तुकडे डोक्यावरून गेले, एक त्याच्या दंडाला ओरखडून तुळशीच्या कट्ट्यावर फुटला. दाराच्या भोकातून आगीने एक मोठी जीभ बाहेर काढली आणि आत घेतली. आम्ही दोघं फरशीवर पालथे. त्याच्या दंडातून रक्त येत होतं आणि तो हसत होता. आधी मला वाटलं रडतोय. नाही, हसत होता. तुमच्यासारखा, श्वास कोंडून, खांदे उडवत.

"ताई म्हणाली असती..." त्याला बोलता येईना. "ताई म्हणाली असती, माझा फोटो पण आत घाला!"

त्याच दिवशी आम्ही वागळे इस्टेटला गेलो. आग सोसणारी खरी काच तिथे मिळाली, किंचित पिवळसर, कोऱ्या चहाच्या रंगाची. चौकटीपेक्षा थोडी लहान कापून घेतली. नवी दोरी घातली, पट्ट्या बसवल्या, आणि स्क्रू आवळायला दिलीपने पाना उचलला तेव्हा मी त्याच्या बोटांवर चापट मारली. दोन बोटांनी आवळलं. काच हलवली की जरा हलायची.

"पडेल गं," तो म्हणाला.

"नाही पडणार. हलू दे तिला."

तेरावा. सकाळी मी शर्टाच्या खिशात मावतील एवढ्याच लाकडांनी सुरुवात केली. काच तापू लागली, टिक टिक आवाज आला. दिलीपने माझा दंड धरला. आवाज वाढला, मग थांबला. काच जागच्या जागी. मग मोठी लाकडं, मग कोळसे, आणि आग जागी झाली, भिंतीवर आपटली, कोपऱ्यात शिरली, काचेवर धावून आली आणि आपटून मागे फिरली. गोडाच्या जेवणाला नानकटाई होणार होती. मी ट्रे आत सारले. दिलीप स्टूल ओढून काचेला नाक लावून बसला, तुम्ही बसायचात तसा नाही, वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर.

फाटकात भंगारवाला आला. गाडी घेऊन, बरोबर वेळेवर. "साब, निकालें?"

"जा बाबा तू," दिलीप मागे न बघता म्हणाला. "इथे काम चाललंय."

"साब, आपने बोला था..."

"जा म्हटलं ना!"

गाडी कुरकुरत गेली. भट्टी राहिली, वन्सं. हे तुम्हाला सांगायला मी हे सगळं लिहायला बसले, आणि इथेच थांबणार होते. पण पुढे आणखी एक गोष्ट झाली.

दिलीप म्हणाला, "काढ आता."

"अजून रंग नाही आला."

"वैशाली, काढ. खालून करपतायत."

"तुला काय कळतं? तू इतकी वर्षं झाडांना पाणी घालत होतास."

"मला सगळं कळतं!" तो ओरडला. आमचं दूध ओरडलं. गॅलऱ्यांमध्ये हालचाल झाली. "रोज वास यायचा मला! तिकडे नळापाशी उभं राहून मला कळायचं, झाल्या की नाही ते! तुम्ही दोघी नेहमी उशिरा काढायचात! नेहमी! ताईची पण चूक असायची आणि तुझी पण!"

"वन्संची चूक? आजच्या दिवशी वन्संची चूक काढतोस?"

"काढतो! सरक!" आणि उठून उभं राहत त्याने दाराला हात घातला.

माझ्या हातात सांडशी होती. मी ती फेकली. विचार नाही केला; तुमच्यावर फेकायचे तशीच फेकली, त्याच हाताने, त्याच जोराने, तेवढ्याच उंचीवर. ती सरळ जाऊन त्याच्या कपाळावर आदळली. तो "आई गं" करून खाली बसला आणि कपाळ चोळत माझ्याकडे बघत राहिला.

"ताई तर म्हणायची, तुझा नेम वाईट," तो म्हणाला. "एकदाही लागलं नाही म्हणायची."

नेम तोच आहे, वन्सं. तुमच्या डोक्यावरून वीतभर वर. तुमचा भाऊ तुमच्यापेक्षा उंच आहे, एवढंच.